चाकांवरचे घर आणि शिवाजीनगरची गुजरी

घराने एका जागी स्थिर राहावे आणि माणसाने प्रवास करावा, अशी आपली जुनी समजूत आहे. तथापि घरानेच प्रवासास निघावे ही कल्पनाही आपल्या देशास अगदीच परकी नाही. बैलगाडीत संसार थाटून गावोगाव फिरणारे गाडी लोहार, किंवा हंगाम सुरू होताच गाडीवर भांडीकुंडी लादून साखर कारखान्याची वाट धरणारी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे, यांनी चाकांवरचा संसार पिढ्यान् पिढ्या अनुभवला आहे. मात्र त्यांचे फिरणे पोटासाठी होते. हौसेला त्यात जागा नव्हती. निव्वळ प्रवासाच्या आनंदासाठी फिरते घर बांधण्याची प्रथा विलायतेत रूढ झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टल येथील कारखान्याकडून दोन घोड्यांची एक गाडी आपल्या हौसेसाठी बांधून घेतली, आणि तीत बसून तो इंग्लंड व स्कॉटलंड हिंडला. पुढे मोटारी आल्या. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीची डबेवजा मोटार बाजारात आली आणि दुसऱ्याच वर्षी तीत बिछाना व कपाटे बसवून देण्याचा व्यवसाय सुरू झाला. आज ज्या गाडीस कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात, तिचा पूर्वेतिहास थोडक्यात असा आहे.

आपल्याकडे ही हौस उशिरा आली, परंतु आता ती चांगलीच मूळ धरू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. मात्र कारखान्यातून सजून येणारी नवी कॅराव्हॅन मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते. तेव्हा जुनी मॅटॅडोर किंवा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी, तिची डागडुजी करावी आणि तिलाच घराचे रूप द्यावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु थोड्या पैशात काम करावयाचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी सारखीच काटकसर करावयाची, असा त्याचा अर्थ होत नाही. कोठे हात आखडावा आणि कोठे आखडू नये, हा विवेक ज्याला साधला त्याची गाडी वर्षानुवर्षे चालते. ज्याला तो साधला नाही, त्याची पुंजी पहिल्याच पावसाळ्यात गंजून जाते, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते.

हा विवेक शिकण्याची एक जागा म्हणजे शिवाजीनगर. हे नाव कानी पडताच पुण्याच्या माणसास आपले शिवाजीनगर आठवेल, परंतु येथे अभिप्रेत आहे ते बंगळूरचे, म्हणजे आजच्या बेंगळुरूचे शिवाजीनगर. बंगळूरशी मराठ्यांचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे गाव जिंकल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. इंग्रजी अमदानीत, १८०९ च्या सुमारास, जुन्या गावाच्या ईशान्येस लष्करी छावणी वसली. त्या छावणीच्या आश्रयाने वाढलेली, पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जाणारी वस्ती ती आजची शिवाजीनगर. सेंट मेरीची बॅसिलिका, १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट, मशिदी, देवळे आणि दाट गल्ल्या यांनी हा भाग गजबजलेला आहे. दखनी उर्दू, तमिळ आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे एकाच व्यवहारात सरमिसळ होऊन ऐकू येतात.

याच शिवाजीनगरात मोटारींच्या जुन्या भागांचा बाजार आहे. त्याला लोक गुजरी म्हणतात. हा शब्द मराठीस अनोळखी नाही. रस्त्याच्या कडेस भरणाऱ्या बाजारास आपल्याकडे गुजरी म्हणत, आणि कोल्हापूरची गुजरी तर सराफीसाठी प्रसिद्धच आहे. बंगळूरच्या बोलीत मात्र गुजरी म्हणजे मोडीत निघालेल्या मालाचा बाजार. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतील कुर्ल्याची जुन्या सुट्या भागांची दुकाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या गुजरीची कल्पना सहज येईल. येथे मोडलेली गाडी म्हणजे एक वस्तू राहत नाही. शेकडो वस्तूंचा तो एक साठा होतो. दारे एकीकडे, काचा दुसरीकडे, आसनांचे सांगाडे, दिवे, पाटे, चाकांच्या रिमा, रेडिएटर, आरसे, बिजागऱ्या, असे सगळे वेगळे काढून ज्याच्या त्याच्या राशीत जाते. कोणता भाग कोणत्या वर्षीच्या कोणत्या गाडीस बसेल, याचे ज्ञान तेथील जुन्या कारागिरांच्या बोटांत असते. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली गाडी आपले आयुष्य संपवून बंगळूरच्या गल्लीत सुटी होते, आणि तिचे दार आणखी एखाद्या गाडीत पुन्हा उघडमीट करू लागते.

आकुर्डीचा उल्लेख आला तो सहेतुक. मालवाहू मोटारीस आपण सर्रास टेम्पो म्हणतो, पण ते मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तीनचाकी गाड्यांनी हे नाव मराठी भाषेत कायमचे रुजवले. साठीच्या दशकाच्या अखेरीस तिची मॅटॅडोर आली, १९८७ साली ट्रॅव्हलर आली, आणि २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. आपल्याकडील घरगुती कॅम्पर बहुधा या दोन गाड्यांच्या पोटी जन्म घेतात. छत उंच, रचना साधी, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा मिस्त्री सापडतो, ही त्याची कारणे. दुरुस्तीची सोय हा जुन्या गाडीचा पहिला गुण समजावा. परदेशी बनावटीची दुर्मिळ गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिचा एक साधा भाग न मिळाल्याने ती महिनोन् महिने गॅरेजात पडून राहते, आणि तिचे स्वस्त मोल अखेरीस महागात पडते.

गाडी निवडताना पहिला शत्रू म्हणजे गंज. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तो अधिकच वेगाने चढतो. म्हणून कोकणात आयुष्य घालवलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी तिची तपासणी अधिक कसून करावी. विक्रीस काढलेल्या गाडीच्या पत्र्यावर लांबी भरून, वर रंग देऊन भोके झाकण्याची युक्ती सर्वत्र चालते. तिच्यावरील उपाय फार सोपा आहे. खिशात एक लहानसा लोहचुंबक ठेवावा आणि तो पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पत्र्याच्या जागी लांबीचा जाड थर आहे असे समजावे. दारांचे उंबरे, चाकांवरच्या कमानी, छताच्या कडेची पन्हळ आणि रबरी चटईखालचा तळ ही पाणी साचण्याची ठिकाणे होत. चटई उचलून पाहू न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये. बाहेरचा पत्रा बदलता येतो. खालचा मूळ सांगाडा, म्हणजे चेसिस, जर खाऊन गेला असेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महागच आहे.

गंजाइतकीच कागदपत्रांची तपासणी महत्त्वाची. नोंदणी-पुस्तकातील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. जुनी ट्रॅव्हलर बहुधा प्रवासी वाहतुकीची, पिवळ्या पाटीची असते. तिला खासगी वर्गात आणावयाचे तर परवाना परत करणे, कराचा फरक भरणे आणि नोंदणीत बदल करून घेणे असे अनेक सोपस्कार करावे लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जी गाडी रीतसर मोडीत निघाली आहे, जिची नोंदणी रद्द झाली आहे, ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. तिचे भाग घेता येतात. ती गाडी घेता येत नाही. तेव्हा गुजरी ही भाग घेण्याची जागा आहे हे ओळखावे, आणि तेथूनही घेतलेल्या वस्तूची पावती मागून घ्यावी. चोरीचा माल घेणाऱ्यास ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटता येईलच असे नाही.

यानंतर प्रश्न येतो तो कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणी-पुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक गैरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली आहे. याचा अर्थ कॅम्परला मज्जाव आहे असा मात्र नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्र सरकारच्या वाहनांच्या वर्गवारीत स्वतंत्रपणे नमूद केलेला आहे. मोटार-कॅराव्हॅनसाठी वेगळे मानकही तयार झालेले आहे, आणि अशी मानके पारखणारी प्रमुख संस्था, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. आसनांची संख्या कमी करणे, छत वाढवणे, नवी खिडकी कापणे हे सारे बदल नोंदणीस स्पर्श करतात. म्हणून सुताराकडे जाण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे, आपला आराखडा दाखवावा आणि कशास परवानगी लागते हे लेखी समजून घ्यावे. ही खेप चुकवणाऱ्याची पुढे विमा कंपनीशी गाठ पडते. अपघातानंतर भरपाई मागताना परवानगीवाचून केलेला बदल आड येऊ शकतो, आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट रक्कम तेथे बुडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. येथे क्रम हाच काटकसरीचा पाया आहे. आधी गळती, मग गंज, मग यंत्र व ब्रेक, त्यानंतर विजेच्या तारा, मग उष्णतारोधक अस्तर, त्यावर तळ व फर्निचर, आणि सर्वांत शेवटी रंग. उत्साही माणूस बहुधा उलट्या क्रमाने जातो. प्रथम तो सुंदर पडदे आणि कपाटे बसवतो. पावसाळ्यात छत गळू लागले की तीच कपाटे उखडावी लागतात. गळती शोधण्यास खर्च नाही. एकाने नळीने छतावर सावकाश पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत विजेरी व खडू घेऊन बसावे. जेथे थेंब दिसेल तेथे खूण करावी. गंजलेला भाग स्वच्छ धातू दिसेपर्यंत खरवडावा, भोक असल्यास तेवढा पत्रा कापून नवा जोडावा आणि त्यावर गंजरोधक प्रायमर द्यावा. गंजावरच रंग दिला तर तो आतल्या आत पसरतच राहतो. जोडकामापूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी, आणि काम टाकीजवळ असेल तर डिझेलची टाकी उतरवून घ्यावी.

यंत्राच्या व ब्रेकच्या कामात गुजरीचा कोणता माल घ्यावा आणि कोणता घेऊ नये, याविषयी एक साधा नियम सांगता येईल. जो भाग बिघडला असता गाडी फार तर थांबेल, तो जुना चालेल. जो भाग बिघडला असता गाडी थांबणारच नाही, तो नवाच हवा. दारे, काचा, बिजागऱ्या, आरसे, आसनांचे सांगाडे, दिव्यांचे डबे आणि नीट तपासून घेतलेले रेडिएटर किंवा डायनॅमो जुने घेण्यास हरकत नाही. उलट कित्येकदा जुन्या गाडीचे दार पत्र्याच्या जाडीने नव्यापेक्षा सरसच निघते. परंतु ब्रेकचे लायनर, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, टायर, आसनपट्टे आणि गॅसची नळी यांत जुन्याचा मोह धरू नये. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ असे आकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने तडकते, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही.

ब्रेकविषयी इतका आग्रह का धरावा, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. बंगळूरहून बेळगावमार्गे निघालेली गाडी आंबोली घाटाने सावंतवाडीकडे उतरते, तेव्हा ती सुमारे ६०० मीटर खाली येते. गाडीचे वजन तीन टन धरले, आणि उताराची सारी ओढ ब्रेकनेच आवरली असे मानले, तर त्यातून निघणारी उष्णता सुमारे ५५ लिटर पाण्यास उकळी आणण्याइतकी भरते. एवढी उष्णता चार चाकांतील लहानशा भागांनी सोसावयाची असते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. जुन्या तेलातील हे पाणी घाटात उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा दबून जातो. म्हणूनच तेल वेळेवर बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. घरासारखी भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा कितीतरी जड असते, याचा विसर पडता कामा नये.

वजनाचा हा विचार सुतारकामात तर पदोपदी करावा लागतो. आठ फूट लांब व चार फूट रुंद असा १८ मिलिमीटर जाडीचा एक प्लायवूडचा तक्ता सुमारे ३५ किलो भरतो. ६ मिलिमीटर जाडीचा तेवढाच तक्ता बाराच्या आसपास. घरच्या सवयीने जाड तक्ते वापरणारा सुतार नकळत चार माणसांचे ओझे गाडीवर चढवतो. याबाबतीत आपल्याकडील जुनी वस्तू उपयोगी पडते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर नवार विणून केलेला बिछाना प्लायवूडच्या पेटीपेक्षा हलका, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपा असतो. शिवाय खालून हवा खेळत राहिल्याने गादीस ओल धरत नाही. पाण्याचेही तसेच. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी बसवण्याऐवजी वीस लिटरचे दोन जार आणि पायाने चालणारा लहान पंप एवढ्यावर दोन माणसांचे दोन दिवस सुखाने निभतात. जड वस्तू खाली, दोन्ही आसांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंस सारख्या ठेवाव्यात. काम संपल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि नोंदणी-पुस्तकात दिलेल्या मर्यादेशी ते वजन ताडून पाहावे. थोडक्या पैशात एवढी मोलाची माहिती दुसरीकडे मिळत नाही.

उष्णतारोधनाची पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली असतात. आपल्याकडील अडचण उन्हाची. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर असल्याने तेथे तयार झालेली गाडी तेथे सुखावह वाटते. तीच वैशाखात नागपुरास नेली तर भट्टी होते. छतास पांढरा रंग देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय. त्यानंतर पत्र्याच्या आतून बंद छिद्रांच्या फोमचे अस्तर, आणि काचांना बाहेरून झाकण्याची सोय. पाणी शोषणारे अस्तर वापरू नये. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासाने व घामाने अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात, आणि एक किलो गॅस जळताना त्याहून तिपटीने अधिक पाण्याची वाफ होते. ही वाफ थंड पत्र्यावर थिजते, अस्तरात मुरते आणि आतून गंज सुरू करते. म्हणून खाली एक आणि छतावर एक असे दोन झरोके कायम उघडे हवेत.

विजेचा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा. वीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॅट-तास होतात. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ५०. दूरध्वनी वगैरेंसाठी ३०. एकूण २४० वॅट-तास. बारा व्होल्टच्या बॅटरीवर हे वीस अँपिअर-तास झाले. साधी शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, आणि एखादा ढगाळ दिवसही गृहीत धरावा. या हिशेबाने ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी आणि छतावर १०० वॅटचे एक सौर-तावदान एवढ्यावर काम भागते. यात शीतकपाट घातले की गरज दुपटीतिपटीवर जाते, आणि खर्चही त्याच मानाने वाढतो. मातीचा माठ व बर्फाची पेटी यांवर ज्याचे भागेल, त्याने तो खर्च वाचवावा. मात्र तारांची जाडी आणि फ्यूज यांत बचत करू नये. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. बारीक तारेतून जास्त वीज गेली की ती तापते, आणि लाकडी भिंतीमागे तापलेली तार दिसत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट धुराची व वायूची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. गाडीतील जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने ते मृत्यू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूस रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागही येऊ देत नाही. म्हणून जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये, कोळशाची शेगडी आत नेऊ नये, आणि दारेखिडक्या लावून स्वयंपाक करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो. सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवून त्या कप्प्याच्या तळास बाहेर उघडणारे भोक ठेवावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र आणि एक अग्निशामक नळकांडे या दोन वस्तूंची किंमत एखाद्या चांगल्या पडद्याइतकीच असते. पैसे अपुरे पडले तर पडदा राहू द्यावा.

राहता राहिला खर्चाचा अंदाज. त्याचे ठाम आकडे सांगणे शहाणपणाचे नाही, कारण दोन जुन्या गाड्या कधीच सारख्या नसतात. परंतु गाडीची किंमत वगळून जी रक्कम हाती असेल, तिचे तीन वाटे करावेत, हा व्यवहाराचा ठोकताळा बरा. एक वाटा सांगाडा, यंत्र, ब्रेक व टायर यांसाठी; दुसरा आतील संसारासाठी; आणि तिसरा अजिबात न मोजता बाजूस ठेवावा. जुन्या गाडीचा पत्रा उचलला की त्याखाली काय निघेल हे मिस्त्रीसही आधी सांगता येत नाही. तिसरा वाटा त्या अनपेक्षितासाठी. तो संपूर्ण उरला तर तेवढ्या पैशात पहिला प्रवास घडेल.

शिवाजीनगरच्या गुजरीत एखादा जुना कारागीर हातातील भाग कानाशी नेऊन वाजवून पाहतो, बोटाने त्याची झीज चाचपतो, आणि ‘हा घ्या’ किंवा ‘हा नको’ असे दोन शब्दांत सांगतो. वस्तूचे उरलेले आयुष्य ओळखण्याची ही विद्या शाळेत शिकवली जात नाही. नव्या वस्तूंच्या सुकाळात ती हळूहळू विरळ होत आहे. जुन्या गाडीचे घर करू पाहणारा माणूस त्या विद्येचा थोडा अंश आपल्या पदरी पाडून घेतो. आपली गाडी कोठे मजबूत आहे आणि कोठे अधू आहे, हे त्यास स्वतःच्या हातांनी कळलेले असते. रात्री अनोळखी घाटात, पावसाच्या सरी छतावर वाजत असताना त्याची मुलेबाळे त्याच गाडीत निर्धास्त झोपतात. त्यांना दिसतात ते नवे पडदे आणि नवा रंग. त्यांची झोप मात्र पडद्यामागच्या त्या न दिसणाऱ्या कामांवर विसंबून असते.